‘गुणवत्ता बघा, बाई-पुरुष बघू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

विज्ञानातल्या स्त्रियांच्या निवडीबद्दल आणि बढतीबद्दल मी जे मांडलं, त्यावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं : विज्ञानात गुणवत्तेखेरीज काहीही मोजू नये, २०१५ सालच्या विल्यम्स आणि सेसी यांच्या अभ्यासानुसार प्राध्यापकांच्या निवडीत स्त्रियांनाच पसंती मिळते, आणि मूल झाल्यावर टेन्यरची, म्हणजे प्राध्यापकाचं पद कायम होण्याआधीच्या परीक्षेची, मुदत एक वर्षाने वाढवून मिळत असताना आणखी काही मागणं म्हणजे झुकतं माप मागणं. पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

२०१५च्या अभ्यासाचा हवाला आपण बरोबर दिलात. अमेरिकेतल्या ८७३ प्राध्यापकांनी कागदावरच्या उमेदवारांमधून स्त्री उमेदवाराला जवळपास दुपटीने पसंती दिली. मात्र त्यातले मुख्य उमेदवार तोडीस तोड आणि उत्कृष्टच दाखवलेले होते, मुलाखत कशी झाली तेही आयतं लिहून दिलेलं होतं. त्याच्याशेजारी २०१२चा मॉस-रॅक्युसिन यांचा प्रयोग ठेवून बघा. तिथे १२७ विज्ञान प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज गेला, काहींना ‘जॉन’ या नावाने, काहींना ‘जेनिफर’ या नावाने. अर्जदार बरा होता, पण डोळ्यांत भरेल असा नव्हता. जॉनला सरासरी ३० हजार डॉलरच्या थोडा वर पगार सुचवला गेला, जेनिफरला साधारण साडेसव्वीस हजार. स्त्री प्राध्यापकांनीही तेच केलं. माझ्या मते हे दोन निकाल एकमेकांना खोडत नाहीत. गुणवत्ता लख्ख दिसत असली की पूर्वग्रहाला वाव उरत नाही. जिथे अंदाज बांधावा लागतो तिथे तो शिरतो. आणि खऱ्या छाननीत बहुतेक अर्ज अंदाज बांधायला लावणारेच असतात.

प्रश्न कसा विचारला जातो यानेही निकाल फिरतो. कॅनडाच्या आरोग्य संशोधन संस्थेकडे निधीसाठी आलेल्या सुमारे २४ हजार अर्जांचं विश्लेषण २०१९मध्ये प्रसिद्ध झालं. परीक्षकांना प्रामुख्याने संशोधनाचा प्रस्ताव तपासायला सांगितला, तेव्हा निधी मिळण्याच्या प्रमाणात स्त्रिया पुरुषांपेक्षा ०.९ टक्केबिंदूंनी मागे होत्या. संशोधक किती मोठा आहे हे प्रामुख्याने तपासायला सांगितलं, तेव्हा हा फरक ४ टक्केबिंदूंचा झाला.

म्हणून निवड समितीत क्रम महत्त्वाचा. अर्ज उघडण्याआधी चार-पाच निकष आणि त्यांचे गुण लिहून ठेवायचे. प्रत्येक सदस्याने बैठकीला येण्याआधी स्वतंत्रपणे गुण द्यायचे, आणि ते तक्त्यात भरल्याशिवाय चर्चा सुरू करायची नाही. हे वगळलं की काय होतं? एखाद्याचे पेपर जास्त असले की पेपरांची संख्या महत्त्वाची ठरते. कमी असले की ‘पण कल्पकता बघा ना’ असं कुणीतरी म्हणतं. निकष उमेदवार बघून बदलतो, आणि बदलणाऱ्याला ते जाणवतही नाही. दुसरी नेहमीची चूक सामायिक पेपरांबाबत होते. ‘यात तिचं काम किती आणि गाईडचं किती?’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यांना विचारायचा. शिफारसपत्रंही त्याच नजरेने वाचा : ‘कष्टाळू, मनमिळाऊ’ असं लिहिलं असेल तर उमेदवाराने नेमकं कोणतं तंत्र बसवलं, कोणता प्रश्न सोडवला, हे पत्रलेखकाला पुन्हा विचारा.

नेमणुकीनंतरचं मोजमाप तर त्याहून सोपं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना झेब्राफिश या प्रयोगांतल्या छोट्या माशांच्या टाक्यांसाठी २०० चौरस फूट जागा हवी होती. ती मिळेना, तेव्हा त्यांनी टेप घेऊन इमारतीतल्या प्रयोगशाळा मोजल्या. कायम प्राध्यापक असूनही त्यांची जागा कनिष्ठ पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी निघाली. १९९४मध्ये तिथल्या विज्ञान विद्याशाखेत कायम पदावर १९४ पुरुष आणि १५ स्त्रिया होत्या. १९९९च्या अहवालानंतर संस्थेने भेदभाव उघडपणे मान्य केला. हा टेप कुठल्याही विभागाला परवडतो. दरवर्षी एक तक्ता करा : प्रत्येकाची जागा, सुरुवातीचा निधी, शिकवण्याचे तास, समित्यांची संख्या. समित्यांचा रकाना विसरू नका. विद्यार्थ्यांच्या तक्रारी, स्वागत, वार्षिक अहवाल ही कामं बढतीत धरली जात नाहीत आणि ती स्वेच्छेवर सोडली की वारंवार त्याच व्यक्तींकडे जातात. पाळी लावा.

आता ते एक वर्ष. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ५० आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांची पाहणी होती. विषय वेगळा आहे, पण टेन्यरची घडण तीच. आई-वडील दोघांनाही सरसकट मुदतवाढ देणाऱ्या ठिकाणी पुरुषांचं कायम होण्याचं प्रमाण वाढलं, स्त्रियांचं घटलं. वाढीव काळात पुरुषांचे आघाडीच्या नियतकालिकांतले पेपर वाढले, स्त्रियांचे तसे वाढले नाहीत. म्हणजे नुसतं वर्ष वाढवून भागत नाही.

त्यात भर घालावी लागते ती दोन ठिकाणी. पहिली, बाहेरच्या परीक्षकांना जाणारं पत्र. त्यात एवढं हवंच : ‘उमेदवाराच्या कामाचा कालावधी पाच वर्षांचा धरावा. मंजूर रजा त्यात मोजलेली नाही. पीएच.डी.पासूनची वर्षं मोजू नयेत.’ हे लिहिलेलं नसेल तर परीक्षक रजेचा काळही धरून पेपर मोजतो, आणि सवलतच अंगावर येते. दुसरी, रजेच्या काळात प्रयोग चालू ठेवणारा माणूस. पेशींची कल्चर्स, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, दर दोन-तीन दिवसांनी बघावी लागतात, उंदरांच्या पैदाशीला खंड चालत नाही. सहा महिन्यांनी परत आल्यावर ती नव्याने उभी करायची तर आणखी सहा महिने जातात. तेवढ्या काळापुरता एक तंत्रज्ञ दिला तर हे वर्ष वाचतं. तीच गोष्ट गरोदरपणाची : किरणोत्सर्गी द्रव्यं किंवा फॉर्मामाइडसारखी गर्भाला घातक ठरू शकणारी रसायनं हाताळायची असतील तर काम आधीच दुसऱ्याकडे सोपवायची व्यवस्था हवी. गरोदर असल्याचं कळवल्यावर गर्भाला मिळणारी किरणोत्सर्गाची जादा मात्रा उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टच्या (ही मात्रा मोजण्याचं एकक) आत राहावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. व्यवस्था नसली की बातमी लपवली जाते, किंवा प्रकल्प सोडला जातो.

शेवटी आपण विचारलंत, वडिलांनी रजा घेतली तर त्यांनाही हे सगळं द्यायचं का? जरूर द्यायचं. फक्त, मूल झालं म्हणून आपोआप नाही. त्या काळात मुलाची मुख्य जबाबदारी प्रत्यक्ष आपल्यावर आहे असं अर्जात लिहून देणाऱ्यालाच, मग तो अर्ज आईचा असो वा वडिलांचा.