अखेर घर राखाडीच झाले

रंगाच्या दुकानात काउंटरवर शेडकार्ड नावाचा जो पंखा आपल्यापुढे उघडून ठेवतात, त्याच्याइतका सभ्य चेहऱ्याचा लबाड मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. काड्यापेटीएवढ्या एकेका चौकोनात शेकडो रंग बसवलेले असतात, प्रत्येकाखाली एक क्रमांक आणि परदेशी थाटाचे एक नाव असते, आणि त्या काड्यापेटीकडे बघून आपण अठराशे चौरस फूट भिंतीचा निकाल लावावा अशी अपेक्षा असते. साडी घ्यायला गेले तर दुकानदार अख्खा पदर उलगडून खांद्यावर टाकून दाखवतो. आंबेवाला एक फोड कापून हातावर ठेवतो. पुढची सात-आठ वर्षे येता-जाता ज्याचे तोंड बघायचे, त्या घरासाठी मात्र काड्यापेटी!

निमित्त मुलीच्या लग्नाचे होते. खानापुरातले आमचे घर वडिलांनी बांधलेले, जांभ्या दगडाचे, वर कौले, बाहेरून गिलावा. मुहूर्त मेच्या दुसऱ्या आठवड्यातला, त्यामुळे मार्चअखेरीस घरात एकमुखी ठराव झाला की पाहुण्यांना घर रस्त्यावरूनच उठून दिसले पाहिजे. ‘एलिव्हेशन’ हा शब्द त्या आठवड्यात आमच्याकडे जितक्या वेळा उच्चारला गेला, तितक्या वेळा नवऱ्या मुलाचे नावही उच्चारले गेले नसेल.

खानापुराहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. आम्ही चौघे खडे बाजारातल्या एका दुकानात गेलो, दोन तास ट्यूबलाइटखाली त्या पंख्याची पाने उलटली आणि एक फिकट बदामी रंग एकमताने ठरवला. मशीनने पांढऱ्या बेसमध्ये तीन-चार रंगांचे थेंब सोडले, डबा गदगदा हलवला, झाकणावर लेबल चिकटवले. आठवड्याभरात पेंटरने पुढच्या भिंतीला एक हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन अंगणात आलो तर घर गुलाबी झालेले होते. बदामीकडे झुकणारा गुलाबी असता तरी मी गप्प बसलो असतो. तो तान्ह्या बाळाच्या झबल्याचा गुलाबी होता.

मी डब्याचे झाकण घेऊन तडक दुकानात गेलो. दुकानदाराने क्रमांक ताडून पाहिला आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, ‘‘मशीनने काढलेला रंग आहे साहेब, चुकणार कसा?’’ संतापाची गोष्ट ही की तो खरे बोलत होता. रंग चुकलेला नव्हताच. आमचे अंगण तांबड्या मातीचे, वर कौले तांबडी, समोरच्या गड्याचे कुंपण जांभ्याचे. ऊन या सगळ्यावर पडून जे भिंतीवर परतते ते तांबूस होऊनच परतते, आणि फिकट रंगाची भिंत ते जसेच्या तसे उचलते. शिवाय दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड वेगळा, एप्रिलच्या उन्हाचा वेगळा, आणि काड्यापेटीत जो रंग सौम्य वाटतो तोच मोठ्या भिंतीवर पसरला की अंगावर येतो, कारण तिथे त्याच्या शेजारी त्याला आवर घालणारे दुसरे काही नसते. हे सगळे मला नंतर समजले. ज्यांचा रोजचा धंदाच रंग विकण्याचा आहे, त्यांना ते आधीपासून माहीत असणार की नाही? मग ‘तुमच्या अंगणात माती कसली आहे’ हा एक प्रश्न विचारायला कुणाची जीभ झडली होती?

उपाय सोपा आहे. दोन-तीन रंगांचे थोडे-थोडे नमुने घ्यावेत, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे ठिगळ मारून ठेवावे, आणि ते सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला असे दोन दिवस बघावे. आता हा सोपा उपाय करून दाखवा. नमुना मागितला तर दुकानात लिटरभराच्या खाली डबा मिळाला नाही, आणि मशीनवर मिसळलेला रंग परत घेतला जाणार नाही असा फलक काउंटरवर टांगलेलाच होता. पेंटरची परांची बांधून झालेली, त्याचे दोन पोरगे रोजंदारीवर बिडी ओढत बसलेले, आणि मी भिंतीकडे बघत उभा. त्यांच्या लेखी मी खुळाच. आजही माळ्यावर अर्धवट वापरलेले चार डबे आहेत. त्यांचे काय करायचे ते सुचवणारे खूप भेटले, घेऊन जाणारा एकही भेटला नाही.

आणि मग सल्लागार. घराला रंग देणे ही गावाची सार्वजनिक मालमत्ता असल्यासारखा प्रत्येक जण फाटकाशी थांबून मत देऊ लागला. निपाणीहून आलेल्या आत्यांना गुलाबी फार आवडला, त्यामुळे तो बदलायचा आहे हे त्यांना सांगण्याची सोय राहिली नाही. थोरल्या वहिनींनी वास्तुशास्त्र काढले. पुतण्याने मोबाइलवर घराचा फोटो घालून बोटाच्या एका टिचकीने भिंतीचे बारा रंग बदलून दाखवले, आणि त्या बाराही चित्रांत आकाश स्वित्झर्लंडचे होते. पेंटर बैलहोंगलचा, हाताने चोख, स्वभावाने गोड, पण कोणताही रंग दाखवा, ‘‘चलो ऐत्री’’, म्हणजे कानडीत ‘छान आहे’, यापलीकडे त्याचे मत नाही. गुलाबीला चलो ऐत्री, त्यावर मारलेल्या मोरपंखी ठिगळालाही चलो ऐत्री. त्या मोरपंखी ठिगळाकडे बघून शेजारचे काका रस्त्यावरूनच ओरडले, ‘‘घर लांबनं पेट्रोल पंपासारखं दिसूलालंय की!’’ ते गेले, पण वाक्य गेले नाही. त्या दिवसानंतर मला त्या ठिगळाशेजारी पेट्रोलचा वास येऊ लागला.

शेवटी मी वैतागून म्हटले, हे शेडकार्ड चुलीत घाला, वडिलांच्या वेळी जो रंग होता तोच देऊ. तेव्हा दरवर्षी दिवाळीआधी चुना भिजवला जाई, त्यात पिवडी आणि डिंक घालून भिंतींना हात मारला जाई, आणि खाली जोत्याला गुडघाभर उंचीचा गेरूचा पट्टा. हा पट्टा शोभेसाठी असतो असे मी लहानपणी समजत होतो. तो शोभेसाठी नव्हताच. कणकुंबी-जांबोटीकडून पाऊस एकदा सुरू झाला की आमच्याकडे तो महिनोन् महिने उसंत घेत नाही, कौलांच्या पागोळ्या अंगणातल्या तांबड्या मातीवर आपटतात आणि तो चिखल दोन फूट उंचीपर्यंत भिंतीवर उडतो. तांबड्या पट्ट्यावर तांबडा शिंतोडा उडाला तर दिसतो कुणाला? शिवाय गेरू आणि पिवडी हे दोन्ही लोहाच्या खनिजातून आलेले मातीचे रंग, उन्हाने ते विटत नाहीत. ताज्या चुन्याच्या उग्रपणामुळे भिंतीवर शेवाळही सहजासहजी धरत नाही. अडाणी म्हणून आपण ज्यांना मागे सोडून आलो, त्यांनी हे सगळे एका बादलीत आणि एका कुंच्यात बसवले होते.

चुना आता परवडत नाही, कारण तो दरवर्षी मारायला माणूस मिळत नाही. म्हणून दुकानातून पिवडीसारखा पिवळा आणि गेरूसारखा तांबडा असे दोन इमल्शन आणायचे ठरले. गेरूसारख्या रंगाचे नाव डब्यावर ‘टेराकोटा’ असे होते, म्हणजे भाजलेली माती. ज्या खानापुराच्या आसपास विटा-कौलांच्या भट्ट्या आहेत, जिथे खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे, तिथल्या माणसाने भाजलेल्या मातीचा रंग बेळगावहून प्लास्टिकच्या बादलीत विकत आणावा, यावर मी त्या दिवशी भर दुकानात हसलो. दुकानदाराला कारण कळले नाही.

पुढच्या भिंतीवर पिवळा चढला, खाली तांबडा पट्टा ओढला गेला, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला वाटले की हे आपले घर आहे. पेंटरही दोन पावले मागे सरकून कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘चलो ऐत्री!’’ या वेळी ते मनापासून होते. ते इतके मनापासून का होते, हे मला संध्याकाळी समजले. आमच्या चुलतभावाने फाटकातच स्कूटर उभी केली, घराकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि विचारले, ‘‘राज्योत्सवाची तयारी एप्रिलमध्येच?’’

वर पिवळा, खाली तांबडा. सीमाभागात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाला, हेच दोन रंग झेंडे होऊन बेळगावच्या रस्त्यांवरून फिरतात, आणि हा मराठी मुलूख महाराष्ट्राबाहेर राहिल्याचे १९५६ सालापासूनचे दुःख मनात धरून आमच्यातली माणसे त्याच दिवशी काळा दिवस पाळतात. काळ्या दिवसाच्या फेरीत ज्यांनी हयात घालवली, त्या माझ्या वडिलांच्या घराला मी त्यांचाच जुना रंग दिला होता आणि तो झेंडा झाला होता! पिवडी आणि गेरू कोणत्याही झेंड्याच्या कितीतरी आधीपासून भिंतींवर आहेत, हे मी रात्री जेवताना तावातावाने सगळ्यांना सांगितले. सगळ्यांना ते पटले. आणि सगळे म्हणाले, तरी रंग बदला, लग्नात सगळे गाव येणार आहे.

मग उरले काय? भगवा द्यावा तर आपण एका बाजूचे झालो. हिरवा द्यावा तर दुसरीच कुजबुज, निळा द्यावा तर तिसरी. पांढऱ्याची आमच्या पावसात दोन महिन्यांत रया जाते. रंगाला रंग म्हणून बघणारा एक माणूस या पट्ट्यात शिल्लक असेल तर त्याने मला येऊन भेटावे, मी त्याला माळ्यावरचे चारही डबे देतो. आमच्या गल्लीतल्या नऊ घरांपैकी सहा राखाडी का आहेत, हे कोडे मला त्या रात्री उलगडले. मी आजवर ती फॅशन समजत होतो. राखाडी भिंत, खिडकीभोवती पांढरी चौकट आणि पुढच्या एका खांबाला दगडाचा आव आणणाऱ्या टाइल्स, हा ज्याला लोक ‘मॉडर्न लूक’ म्हणतात तो प्रत्यक्षात दमलेल्या माणसाचा कबुलीजबाब आहे. राखाडी कुणाचाच झेंडा नाही. राखाडीवर आत्या बोलत नाहीत, वास्तुशास्त्र बोलत नाही, चुलतभाऊ स्कूटर थांबवत नाही. तो अंगणाची तांबूस झाकही निमूटपणे गिळतो.

आम्ही राखाडी दिला. दोन हात. पेंटर म्हणाला, चलो ऐत्री.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडची मंडळी कोल्हापूरहून आली. फोनवर मी पत्ता सांगितला होता, गल्लीत शिरल्यावर राखाडी घर, पांढऱ्या चौकटी. त्यांची गाडी आमच्या दोन घरे अलीकडे थांबली. मी मांडवातून हात हलवत धावत पोहोचेपर्यंत विहीणबाई त्या घराच्या पायऱ्या चढून गेल्या होत्या, आणि तिथल्या काकूंनी कोण, कुठले हे न विचारता त्यांना पाण्याचा तांब्याही दिला होता. आमच्या लहानपणी टपाल्याला ‘गेरूचा पट्टावाले घर’ एवढे सांगितले तरी पत्र बरोबर पोहोचत असे.

आता जुलै चालू आहे. पश्चिमेच्या भिंतीवर, छज्ज्याच्या दोन्ही टोकांखाली, काळे ओघळ उतरू लागले आहेत. डब्यावर एवढ्या वर्षांची हमी म्हणून छापले होते, तिच्याखालच्या बारीक अक्षरांतल्या अटी मी काल चष्मा लावून वाचल्या, आणि त्या पाळायच्या तर घर खानापुरातून हलवावे लागेल. खाली जोत्यापाशी पागोळ्यांनी तीन आठवड्यांत गुडघाभर उंचीचा तांबडा पट्टा स्वतःच ओढला आहे, अगदी वडिलांच्या वेळी असायचा तेवढाच उंच, फक्त वरची कड वाकडीतिकडी. वर पिवळे नाही, त्यामुळे अजून तरी कुणी स्कूटर थांबवलेली नाही.