खुलासा : बंब रिकामे येत नाहीत

‘अग्निशमन दलवाले आगीचे बंब रिकामेच पाठवतात, दोन मिनिटांत पाणी संपतं’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. पाणी संपतं हे खरं, पण बंब भरलेलाच असतो. नेहमीच्या बंबाच्या टाकीत साधारण २,००० ते ४,००० लिटर पाणी मावतं. एक होजपाइप मिनिटाला ५०० लिटर सहज फेकतो. दोन लावले की २,००० लिटरची टाकी दोन मिनिटांत खाली! ते पाणी पहिल्या माऱ्यापुरतंच असतं. तेवढ्यात दुसरा जवान हायड्रंटला, म्हणजे आग विझवण्यासाठी बसवलेल्या सार्वजनिक नळाला, पाइप जोडतो. चपटा पडलेला पाइप फुगून टणक झाला की पंपाला सलग पाणी मिळू लागतं. हायड्रंट नसेल तर टँकर लागतो. पगारी दल असो की स्वयंसेवकांचं, हिशेब हाच. त्या जवानांना कामचुकार म्हटलेलं वाचून फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहिलं.