मिशी घेऊन समुद्रात

होडीत बसल्यावर आम्हाला समुद्राखाली नेणाऱ्या पोराने माझ्या चेहऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या ओळखीची आहे. डोंबिवलीत आमच्या बाथरूमच्या पाइपांकडे प्लंबर असाच बघतो.

"काका, मिशी दाट आसा," तो म्हणाला. "मास्कात पाणी जातला."

"मी घरीच सांगितलं होतं," मागून बायको म्हणाली. तिने घरी असं काहीही सांगितलं नव्हतं. गेली 26 वर्षं ती त्या मिशीबद्दल जे सांगतेय ते निराळं. समुद्राचा संबंध त्यात आजच आला.

मालवणला यायला माझी ना नव्हती. किल्ला बघावा, चिवल्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बसावं आणि माशांशी जी काय गाठभेट व्हायची ती ताटात व्हावी, एवढाच माझा बेत. मी तर जुलैत जाऊ म्हणत होतो. पावसाळ्यात हे पाण्यात उतरायचे प्रकार बंद असतात, हे मला माहीत होतं. दुर्दैवाने ते चिरंजीवांनाही माहीत होतं. त्यांनी डिसेंबर पकडला आणि घरबसल्या तिघांचं बुकिंग करून टाकलं. स्नॉर्केलिंग आणि स्कूबा, दोन्ही.

आईला फोनवर कळवलं, तर तिने देव पाण्यात घातले. म्हणजे बोलायची गोष्ट नव्हे, खरोखर घातले. तांब्याच्या घंगाळात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती गळ्याइतक्या पाण्यात बसवले आणि मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "तू वर आलास की काढते."

सकाळी पोटभर खाऊन येऊ नका, असं आदल्या रात्रीच बजावलं होतं. पण आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकींनी घावणे केले होते आणि सोबत नारळाचा रस. घावणा हलका असतो, जाळीदार असतो, त्यात निम्मी भोकंच असतात. पाच खाल्ले तरी हिशेबाने अडीचच होतात. हा हिशेब जेटीपासून किल्ल्याच्या मागच्या खडकांपर्यंत टिकला. तिथे होडीने नांगर टाकला, जागच्या जागी डुलायला लागली आणि मला बोट लागली. पुढचं सांगत नाही. मासे जमले, एवढंच सांगतो.

आधी स्नॉर्केलिंग. कमरेला हवेची ट्यूब, डोळ्यांवर मास्क, तोंडात वाकडी नळी आणि पालथं पडून तरंगायचं. बायको पालथी पडली ती पंधरा मिनिटं उठलीच नाही. मधूनच नळीतून तिचे आश्चर्याचे हुंकार येत होते. लग्नानंतर इतका वेळ तोंडात काहीतरी धरून ती गप्प राहिल्याचं मला आठवत नाही, पण हे वाक्य मी होडीत बोललो नाही. मी तिसऱ्या मिनिटाला मान जरा जास्त खाली घातली, नळीचं टोक पाण्याखाली गेलं आणि अरबी समुद्र थेट घशाशी आला. नाकातोंडात पाणी जाणं म्हणजे काय, हे मी बँकेत मार्चअखेरीला अनुभवतो. इथे ते खारट होतं, इतकाच फरक.

आता स्कूबा. यात माझी खरी अडचण मिशी नव्हती, नाक होतं. रोज पहाटे साडेपाचला मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्राणायाम करतो. आठ वर्षं झाली. तोंड मिटा, नाकाने घ्या, रोखा, सोडा. आणि हे पोरगं काय सांगतं?

"काका, नाकाक इसरा. तोंडान घेवा, तोंडान सोडा. आणि श्वास धरूचो नाय. काय झाला तरी धरूचो नाय."

म्हणजे आठ वर्षांचं कुंभक एका वाक्यात बुडालं. कारण विचारलं तर ते मात्र पटलं. दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्या दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलं, तर ती फुगून दुप्पट जागा मागते आणि छातीत दुप्पट जागा नसते. आम्हाला जायचं होतं जेमतेम वीस-पंचवीस फूट, पण नियम तोच.

मग पाठीवर सिलिंडर चढला आणि त्यातली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर हातात आला. "ऑक्सिजन पुरेल ना?" बायकोने विचारलं. त्यात ऑक्सिजन नसून आपली साधीच हवा दाबून भरलेली असते, असं पोराने सांगितल्यावर ती माझ्याकडे वळली. "साध्या हवेचे एवढे पैसे?" सिलिंडर आणि रेग्युलेटर या दोन शब्दांचा संसारी माणसाच्या मनात एकच अर्थ असतो, त्यामुळे मला उगाचच वास येतोय का ते बघावंसं वाटलं. गंमत म्हणजे हे अगदीच चुकीचं नव्हतं. 1943 साली कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी हे यंत्र बनवलं. त्यातला व्हॉल्व्ह मुळात युद्धकाळात पेट्रोलची टंचाई होती म्हणून गाड्या गॅसवर चालवायच्या खटपटीतून आलेला. आपण ओढलं तरच तो हवा देतो, एरवी ढिम्म. अशी माणसं मी आमच्या खात्यात पाहिली आहेत, पण ती ओढूनही देत नाहीत.

एवढं ओझं लादूनही मी तरंगतच राहिलो. पोराने माझ्या पोटाकडे पाहून कमरेच्या पट्ट्यात शिशाचे आणखी दोन ठोकळे अडकवले. समोर सिंधुदुर्ग उभा होता. 1664 साली महाराजांनी तो बांधायला घेतला, तेव्हा पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं म्हणतात. लाटांत जागचं हलू नये म्हणून. तेच शिसं आज मी बुडावं म्हणून बांधलं जात होतं. शेवटी मिशीला व्हॅसलीन चोपडण्यात आलं. लोक मिशीला तूप लावून ऐट मिरवतात, मी व्हॅसलीन लावून बुडायला निघालो.

खाली गेल्याबरोबर कान दुखायला लागले. त्यावर उपाय म्हणजे नाक दाबून हलकेच फुंकायचं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे आपण ऐकून असतो. समुद्रात नाक दाबलं की कान उघडतात. खट्‌ असा आवाज झाला आणि एकदम बरं वाटलं. पण त्या समाधानात मी सवयीने श्वास रोखला. पोराने बरगडीत बोट खुपसलं. मी सोडला. पुन्हा दोन फूट खाली, पुन्हा कुंभक, पुन्हा बोट. आमचे गच्चीवरचे गुरुजी इतकी वर्षं शिकवतात, पण असं बोट त्यांनी कधी घातलं नाही, नाहीतर माझी प्रगती झाली असती.

तळाशी गेलो तेव्हा मिशीने आपलं काम सुरू केलं. मास्कची रबरी कड आणि माझा वरचा ओठ यांच्यामधून एकेक केसाच्या वाटेने पाणी आत झिरपत होतं. आधी ओठावर, मग नाकपुड्यांशी. तिकडे देव गळ्याइतक्या पाण्यात, इकडे मी मास्कच्या आत नाकाइतक्या.

आणि त्या पाण्यावरून, अर्ध्या काचेतून, मी समोर पाहिलं. खडकाला प्रवाळ लागलेलं होतं, काही मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं. एक निळसर-हिरवा पोपटमासा माझ्यापासून हातभरावर खडकाला चोच लावून खात होता आणि ते कुरतडणं मला चक्क ऐकू येत होतं. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे घोळक्याने आले, माझ्याकडे बघून गेले. कपारीत एक गोबरा तोंड उघडं टाकून बसला होता. त्याला मी आधी भेटलेला होतो, पण तेव्हा तो रश्शात होता. आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही. सगळं नको तितकं मोठं आणि जवळ दिसत होतं. पाण्यात मास्कमधून वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते. बाजारात कोळीण पापलेट दाखवते तेव्हा ती मास्क न लावता हे कसं साधते, ते तिलाच ठाऊक.

मी खूश झालो. इतका खूश, की पोराकडे बघून अंगठा वर केला. झकास, या अर्थाने. हात दाखवून अवलक्षण! पाण्याखाली अंगठा म्हणजे "मला वर ने." झकासला अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं असतं, तेही सकाळीच शिकवलेलं. त्या गुणी पोराने तत्काळ माझा पट्टा धरला आणि मी हातवारे करतोय, तोवर आम्ही उन्हात होतो.

"काय झाला काका?"

आवडलं म्हणून वर आलो, असं कसं सांगणार? "कान," मी म्हणालो.

त्यानंतर बायको उतरली आणि ठरलेला सगळा वेळ घेऊन, वर पाच मिनिटं घासाघीस करून आली. होडीवरचे लोक तोवर पाव कुस्करून पाण्यात टाकत होते, मासे जमावेत म्हणून. हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या माशांनी प्रवाळ सोडून पाव खावा हे मला पटलं नाही. पण घावण्यांनंतर त्या माशांसमोर माझं तोंड नव्हतं.

संध्याकाळी व्हिडिओ आला. दोन मिनिटं दहा सेकंद. निळं पाणी, बुडबुडे, काळा सूट घालून संथ, एका लयीत श्वास घेत मी माशांमधून चाललो होतो. पाहून माझा ऊर भरून आला. खाली असताना आपण इतके डौलदार होतो, हे कळलंच नव्हतं. ताबडतोब तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. चुलत भावांनी अंगठे पाठवले.

दहा मिनिटांनी आईचा फोन.

"पाहिला. तीनदा पाहिला, मोठा करून. अरे, तो तू नाहीस."

"आई, मास्कमुळे तसं वाटतं."

"नळीच्या दोन्ही बाजूंना तुझी मिशी दिसायला नको का? त्याला मिशीच नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. "हा कोणाचा का असेना, सुखरूप असो. पण मग तू वर आलायस ना नक्की? का देव राहू देऊ अजून?"