पांडू जेवत नाही

मुलीला पुण्यात नोकरी लागली आणि पांडू माझ्या गळ्यात पडला. पांडू म्हणजे अ‍ॅक्सोलॉटल. मासा नव्हे, पाल नव्हे. मेक्सिकोतला, जन्मभर पाण्यात राहणारा सॅलमँडर, म्हणजे बेडकाचा शेपटीवाला चुलतभाऊ. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की कल्ले टाकून पाण्याबाहेर येतं. हा गडी वयात आला तरी कल्लेही सोडत नाही आणि पोरपणही. (असे एकदोघे आमच्या भाऊबंदांतही आहेत.) पाय तुटला तर नवा उगवतो, एवढी त्याची ख्याती. पण एप्रिल लागला आणि या बहाद्दराची अन्नावरची वासनाच उडाली.

बेळगावात न जेवणं ही काही खासगी बाब नव्हे. आमच्या शहापुरात घर मराठी असो की कानडी, पहिली चौकशी जेवणाची. शेजारच्या अक्का कंपाउंडवरून रोज मला "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) विचारायच्या. आता तोच प्रश्न पांडूबद्दल यायला लागला. मी मान खाली घालून "इल्री" (नाही हो) म्हणायचो.

आईनं आधी टाकीवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. ठसका मला लागला, पांडू ढिम्म. मग तिनं निदान केलं, "रोज ते गांडूळच घालालाईस, चव कशी राहील गा तोंडाला? कुंदा घालून बघ की जरा!" कुंद्यावर आमच्या गावाची श्रद्धा मोठी आहे, पण टाकीत खवा विरघळवण्याइतकी माझी नव्हती.

येळ्ळूरच्या मित्रानं गांडूळखताच्या खड्ड्यातली लालभडक गांडुळं डबा भरून दिली. एक चिमट्यात धरून मी पांडूच्या नाकाशी हलवलं. त्याची नजर अधू, भिस्त सगळी वासावर. आधी मान किंचित वळली. मग जबडा फट्कन उघडला आणि पाण्यासकट गांडूळ आत ओढलं गेलं. मी बायकोला हाक मारणार, तोवर गांडुळाचं शेपूट बाहेर आलं, मग कंबर, मग सगळंच. थुंकून झाल्यावर पांडूनं माझ्याकडे पाहिलं. त्याला पापण्याच नाहीत, त्यामुळे तो बघतो तेव्हा आपणच नजर चुकवावी लागते. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, ती लाल गांडुळं कडवट पाणी सोडतात. त्याला शेतातली साधी द्या."

जनावरांच्या डॉक्टरांनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि "म्हशीचं काही असेल तर सांगा," म्हणाले. माणूस प्रामाणिक.

शेवटी मुलीनंच फोनवरून उलटतपासणी घेतली. तळाशी खडी आहे का? नाही, खडी गिळली की आतडं तुंबतं, म्हणून तिनंच ती काढून टाकली होती. पाण्यात साचणारा विषारी अमोनिया? शून्य. कल्ल्यांची टोकं? पुढे वळलेली, म्हणजे त्याला काहीतरी सोसत नव्हतं. पाणी किती गरम? सत्तावीस अंश! तिकडून सुस्कारा आला. याला 16 ते 18 अंश मानवतात. 24 च्या वर गेलं की तब्येत बिघडते आणि पहिली जाते ती भूक.

मला जरा अपमानच वाटला. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच! पण पांडूचं मूळ गाव सोचिमिल्को, मेक्सिको शहराच्या दक्षिणेला, 2200 मीटरांवर. आमच्या थंड हवेची मिजास त्याच्यापुढे काय चालणार?

मग टाकीवर पंखा लावला. वारा लागला की पाणी वाफ होऊन दोन-तीन अंश उतरतं. अर्थात वीज असेल तोवर. बाकीचं काम बर्फाच्या बाटल्यांचं, त्याही एका वेळी एकच, कारण पाणी एकदम गार झालं तरी याला सोसत नाही. फ्रीझरमधला मटार, ओलं खोबरं, नातवाचं आइस्क्रीम सगळं विस्थापित झालं. "अहो, मे महिन्यात मी घामानं भिजत होते तेव्हा कधी आणलीत बाटली?" असं बायकोनं विचारलं. मी थर्मामीटर वाचत राहिलो.

पारा अठरावर आला. खानापूरकडच्या शेतातलं मातकट गांडूळ चिमट्यात धरलं. जबडा उघडला, गांडूळ आत गेलं आणि आतच राहिलं. कंपाउंडवरून अक्कांना मी ओरडून सांगितलं, "आतरी, ऊट आतरी!"

"एकच? आणखी वाढ की," आई म्हणाली. मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलला दोन-तीन दिवसांतून एकदा जेवण पुरतं, हे तिला पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. हल्ली ती अक्कांना सांगते, की लेक पुण्याला गेल्यापासून मी तिच्या पांडूला एक दिवसाआड उपाशी ठेवतो.