तीन अठ्ठ्या हातात आणि म्हणे चेक करा

पोकर खेळणाऱ्यांत ‘फ्लशपासून वाचण्याचे 5 नियम’ हा मेसेज गेले काही दिवस फिरतोय. फ्लश म्हणजे एकाच रंगाची, समजा सगळी बदाम, पाच पानं. मी दोनदा न वाचता पुढे सरकवला होता. काल भाच्याने पाठवला, वर लिहिलं होतं, ‘मामा, शंभर टक्के खरं आहे, आज अनुभव घेतला.’ अनुभव विचारला आणि डोकं फिरलं.

भाच्याच्या हातात इस्पिक आणि चौकट अठ्ठी. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं, पडला बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. म्हणजे सेट, तीन अठ्ठ्या, याहून चांगलं काय हवं? पण मेसेजचा नियम क्रमांक 3 सांगतो: ‘एका रंगाची दोन पानं दिसली तर सेट असला तरी चेक करा. टर्न सेफ आला तरच बेट लावा.’ याने चेक केलं, म्हणजे काही न लावता डाव पुढे जाऊ दिला, समोरच्यानेही केलं. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदाम पंजी. समोरच्याने बेट लावली, याने पानं टाकून डाव सोडला. समोरच्याने हसत बदाम एक्का-दश्शी दाखवली: फ्लश, सेटच्या वरचा. झाला नियम सिद्ध!

अरे, पंजी त्याला फुकट कोणी दाखवली? तूच ना?

पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 100 चिप्स होत्या असं धरा. भाच्याने 50 लावल्या असत्या, तर समोरच्याला 150 जिंकायला 50 घालाव्या लागल्या असत्या. हा सौदा बरोबरीत सुटायला चारात एकदा तरी बदाम पडायला हवं. त्याला न दिसलेली पानं 47, त्यांत बदाम 9, म्हणजे पुढच्या एका पानावर 19 टक्के. प्रत्येक कॉलमागे (कॉल म्हणजे तेवढेच घालून डावात राहणं) सरासरी 12 चिप्स त्याच्या खिशातून जाणार. बेट लावली असती तरी त्याने कॉल करून पंजी पाहिली असती, हे मान्य. पण मग ती पैसे मोजून पाहिली असती.

पोकरवर पुस्तकं लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांचं पोकरचं मूलभूत प्रमेय नेमकं हेच सांगतं: तुमची पानं उघडी दिसत असती तर समोरचा जसा खेळला असता, त्याहून वेगळा खेळला की फायदा तुमचा. तीन अठ्ठ्या दिसल्या असत्या तर त्याने त्या 50 ला पानं टाकली असती. चेक करून तुम्ही त्याला चुकायची संधीच देत नाही. शिवाय राजाची जोडी घेऊन बसलेला कोणी असता तर त्याने फ्लॉपवर खुशीने कॉल केला असता. तिसरं बदाम पडल्यावर तोही बिचकतो, म्हणजे तिथलेही गेले.

नियम 2 तर कहरच आहे. ‘फ्लश येतो किंवा येत नाही, म्हणजे 50-50.’ या हिशेबाने उद्या छतावर उल्का पडण्याची शक्यताही 50-50! टर्न आणि रिव्हर (पाचवं, शेवटचं पान) दोन्ही धरले तरी फ्लश पुरा होण्याची शक्यता 35 टक्के. आणि पुरा झाला म्हणजे जिंकला असंही नाही. भाच्याचाच डाव घ्या, दोघांची पानं उघडी ठेवून मी टर्न-रिव्हरच्या सगळ्या 990 शक्यता मोजल्या. एक्का-दश्शी 253 वेळा जिंकते, साधारण 26 टक्के. कारण बदाम तिर्री पडली की त्याचा फ्लश आणि आपलं फुल हाउस, तीन अठ्ठ्या नि दोन तिर्र्या, फ्लशच्याही वर! मेसेजवाल्याला फुल हाउस नावाची गोष्ट ठाऊक नसावी.

नियम 1: ‘दोन बदाम दिसली की समोर ड्रॉ आहेच असं समजा.’ ड्रॉ म्हणजे एका पानावर अडलेला फ्लश. एका रंगाची नेमकी दोन पानं 55 टक्के फ्लॉपवर असतात. दर वेळी घाबरायचं तर खेळायचं कधी? आपल्याकडे बदाम नसेल, तर कुठल्याही दोन पानांत दोन्ही बदाम असण्याची शक्यता जेमतेम 5 टक्के. लोक एका रंगाची पानं जास्त खेळतात, टेबलावर माणसं जास्त असतात, म्हणून आकडा वाढवा. तरी ‘आहेच’ होत नाही.

नियम 5, ‘फ्लश दोनदा फसला की तिसऱ्यांदा येतोच.’ पत्ते पिसल्यावर मागचा डाव त्यांना आठवत नाही. पुढे चला.

राहिला नियम 4, ‘तिसरं बदाम पडलं की डोळे झाकून फोल्ड.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. तिसऱ्या बदामानंतर हट्टाने मोठमोठ्या बेट भरणारा सेटवाला त्या ड्रॉवाल्याची फ्लॉपवरची चूकही भरून काढतो. एकच जोडी असेल तर खुशाल सोडा. पण डोळे उघडे ठेवून. सेटला रिव्हरवर वाचवणारी 10 पानं उरतात: एक अठ्ठी, आणि बोर्डवरच्या बाकी तीन पानांच्या प्रत्येकी तीन. ते 22 टक्के झाले. समोरून पॉटच्या चौथाईएवढी बेट आली तर कॉलला 17 टक्के पुरतात.

भाच्याला विचारलं, टर्नला समोरच्याने किती लावले होते?

‘वीस. शंभरात.’