वीस लाख खाती, पण नोकऱ्या किती?

"मे 2025 या एका महिन्यात खासगी उद्योगांनी 20 लाख नव्या नोकऱ्या दिल्या. आकडा पीएफ ऑफिसचा आहे, म्हणजे पक्का. गेलेल्या नोकऱ्या वजा करूनच दिलेला आहे. बुटीबोरी आणि मिहान बघून या, मग बेरोजगारीच्या गप्पा मारा." बुटीबोरी आणि मिहान म्हणजे नागपूरलगतचे औद्योगिक भाग. एवढाच मजकूर, पण नागपूरच्या ग्रुपांवर अजून फिरतोय: सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, व्यापाऱ्यांच्यासुद्धा. पाठवणाऱ्याने आकडा मनाने लिहिलेला नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने, म्हणजे पीएफ ऑफिसने, त्या महिन्याची निव्वळ सदस्यवाढ 20.06 लाख सांगितली होती, आणि एप्रिल 2018 मध्ये ही मोजदाद सुरू झाल्यापासून तोवरची ती सर्वांत मोठी वाढ होती. बाकी मजकुराचं मात्र एकेक वाक्य तपासावं लागतं.

"20 लाख नव्या नोकऱ्या दिल्या."

त्याच आकडेवारीत थोडं खाली उतरा. पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेले सदस्य 9.42 लाख. आधी बाहेर पडून पुन्हा आत आलेले 16.11 लाख. दोन्ही मिळून साडेपंचवीस लाख, त्यातून त्या महिन्यात बाहेर गेलेले साधारण साडेपाच लाख वजा केले की 20.06 लाख उरतात. म्हणजे आत आलेल्यांत मोठा गठ्ठा परतलेल्यांचा आहे.

हे परतलेले कोण, ते बुटीबोरीच्या कोणत्याही गेटवर शिफ्ट सुटताना विचारा. ठेका एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे गेला की पोरगा त्याच मशीनवर, त्याच पाळीत, बहुतेकदा त्याच पगारात काम करत राहतो. कागदावर मात्र तो जुन्या ठेकेदाराकडून सुटतो आणि नव्याकडे लागतो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, तोच. सुटल्याची नोंद एका महिन्यात पडली आणि लागल्याची दुसऱ्या, तर त्या दुसऱ्या महिन्यात एक सदस्य वाढलेला दिसतो. कारखान्यात माणूस एकही वाढलेला नसतो.

बरं, ते 9.42 लाख तरी सगळे नवे का? पीएफचा कायदा साधारणपणे वीस कामगारांपासून लागू होतो. हिंगण्यात एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एकोणीस जण आहेत असं धरा. मालकाने विसावा घेतला की अख्खी शेड कायद्यात येते. कोणाचंच आधी खातं नसेल, तर वेल्डिंग करून दहा वर्षं झालेला मिस्त्रीसुद्धा त्या महिन्याचा 'नवा सदस्य'. नोकरी वाढली एक, सदस्य वाढले वीस. उलट्या बाजूने गंमत अशी की एकदा कायदा लागला की पुढे कामगार बारावर आले तरी तो सुटत नाही. राहून गेलेल्या कामगारांना खात्यात आणण्यासाठी मालकांना सवलत देणारी मोहीम 2017 च्या सुरुवातीला निघाली होती, तेव्हाही आधीपासून कामावर असलेलेच लोक मोठ्या संख्येने नोंदले गेले. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या मिस्त्रीच्या नावाने पैसे जमायला लागले ही चांगलीच गोष्ट. पण ती नोंदणी झाली, नोकरी निर्माण झाली नाही.

"आकडा पीएफ ऑफिसचा, म्हणजे पक्का."

ऑफिस स्वतःच तो तात्पुरता म्हणून देतं, आणि मागच्या महिन्यांचे आकडे पुढे सुधारले जातात. पहिला आकडा फॉरवर्ड होतो, सुधारलेला कोणी पाठवत नाही.

"गेलेल्या नोकऱ्या वजा करूनच दिलेला आहे."

मजकुरातलं सगळ्यात फसवं वाक्य हेच. सदस्य सुटला हे पीएफला कळतं कसं? मालक पोर्टलवर सुटल्याची तारीख टाकतो तेव्हा. चालू कारखाना ती टाकतो. पण ज्या मालकाने शटर ओढलं, लाइट बिल थकवलं आणि फोन उचलायचं बंद केलं, तो पोर्टलवर बसून तारखा भरत नाही. जानेवारी 2020 पासून कामगार स्वतः ही तारीख टाकू शकतो, पण शेवटचा हप्ता भरला त्याला दोन महिने उलटल्यावरच. थोडक्यात, नोकरी लागल्याची नोंद लगेच पडते आणि गेल्याची रेंगाळत येते. कारखाना जितका वाईट बुडाला असेल, तितकी ती जास्त रेंगाळते.

आणि समजा वजाबाकी अगदी वेळेवर झाली, तरी निव्वळ आकड्यात काय झाकलं जातं? जमशेटजी टाटांनी नागपुरात 1877 साली सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडली, आणि त्या जागेवर आज मॉल उभा आहे. मिलची माणसं वजा, मॉलची माणसं अधिक, उत्तर काय येईल ते येवो. साचा चालवणारा माणूस कपड्यांच्या शोरूमच्या काउंटरवर गेला नाही. किती नोकऱ्या मेल्या आणि किती जन्मल्या हे दोन वेगळे आकडे हवेत. एकात दुसरा विरघळवला की शहरात काय उलथापालथ झाली ते दिसतच नाही.

"बुटीबोरी आणि मिहान बघून या."

बघून येणं सोपं आहे, मोजणं अवघड. पीएफच्या कायद्यात कंपनीच्या सगळ्या शाखा मिळून एकच आस्थापना धरली जाते. नागपुरातल्या बर्डीवरच्या शोरूममधल्या मुलीचा हप्ता मुंबई किंवा गुरुग्रामच्या कोडवर भरला जात असेल, तर तिची नोकरी तिकडे मोजली जाते. म्हणून मे 2025 च्या सदस्यवाढीत महाराष्ट्राचा वाटा 20 टक्क्यांच्या वर होता, या वाक्यातून नागपूरबद्दल काहीच काढता येत नाही. सामंजस्य करारांमधले रोजगाराचे आकडे तर कंपनीने भविष्याबद्दल बांधलेला अंदाज असतो. त्यांची गणती इथे नकोच.

शिवाय इतवारीचा बाजार राहिलाच. गांधीबाग, महाल, कळमन्याची अडत, तिथल्या बहुतेक दुकानांत वीस माणसं कुठली? 2017 च्या राज्य कायद्याने छोट्या दुकानांना नोंदणीतून मोकळं केलं, नुसती सूचना दिली की भागलं. किराण्याच्या ठोक दुकानदाराने दिवाळीनंतर तीन पोरं कमी केली तर ती कुठल्या सरकारी दरमहा आकड्यातून वजा होतात? कुठल्याच नाही. सरकारचं श्रमशक्ती सर्वेक्षण घरोघरी जाऊन माणसाला विचारतं, त्यामुळे बेकार किती ते कळतं. कोणत्या दुकानाने माणूस काढला ते नाही. कारखान्यांची वार्षिक पाहणी कारखान्यांपुरती, आणि तीही उशिरा.

यावर एका ओळखीच्या सीएने मला सरळ विचारलं की याहून बरं मोजमाप आहे कुठे? आहे. अमेरिकेचं श्रम सांख्यिकी खातं 2003 पासून दर तिमाहीला खासगी आस्थापनांचा हिशोब चार रकान्यांत देतं: नव्या उघडलेल्या, वाढलेल्या, आकसलेल्या आणि बंद झालेल्या. बेकारी विम्यासाठी मालक जी विवरणपत्रं भरतात तीच प्रत्येक आस्थापनेमागे जोडून हे होतं. अलीकडच्या वर्षांत तिथे एका तिमाहीत सत्तर-ऐंशी लाख नोकऱ्या तयार होतात आणि जवळपास तेवढ्याच जातात. निव्वळ फरक बहुधा काही लाखांचा. तोही हिशोब कित्येक महिन्यांनी येतो आणि स्वयंरोजगारवाले त्यात नसतात. पण कारखाना बंद पडल्याने किती गेल्या आणि चालू कारखान्याने माणसं कमी केल्याने किती, हे वेगळं दिसतं.

आपल्याकडे त्यासाठी लागणारा माल नाही असंही नाही. ऑगस्ट 2025 पासूनच्या विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला अनुदान मिळतं ते आधीच्या कामगारसंख्येवर माणसं वाढवली तरच: पन्नासपेक्षा कमी असतील तर किमान दोन, पन्नास किंवा त्याहून जास्त असतील तर किमान पाच. म्हणजे कोणत्या आस्थापनेत आधी किती होते आणि आता किती आहेत, हा हिशोब पीएफच्याच नोंदींवरून अनुदान देण्यासाठी मांडला जातो. त्याच नोंदींतून कमी झालेल्या आणि बंद पडलेल्या आस्थापनांचे दोन रकाने काढून छापायला नवा कायदा लागत नाही.