मे महिन्यातले पक्षिशिबिर आणि एक टिटवी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दापोली तालुक्यातील आंजर्ल्याच्या खाडीलगत आम्ही 13 ते 17 वयोगटातील 18 मुलामुलींचे पाच दिवसांचे पक्षिनिरीक्षण शिबिर घेतले. शिबिर जाहीर केल्यापासून पक्षिनिरीक्षणात माझ्यापेक्षा मुरलेल्या अनेक मित्रांनी एकच आक्षेप घेतला होता, की मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर पाहण्यासारखे उरते तरी काय? आक्षेप खरा आहे. हर्णै बंदराच्या आसपास हिवाळाभर बसणारे कुरव पक्ष्यांचे थवे एप्रिल उलटेपर्यंत उत्तरेकडे निघून गेलेले असतात, नवरंगाने नुकता कुठे आवाज द्यायला सुरुवात केलेली असते आणि तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर येतो. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी वाढवायची असेल तर मे हा चुकीचा महिना आहे, हे मला मान्य आहे. मात्र पक्ष्याकडे पाहायला शिकवायचे असेल तर यासारखा दुसरा महिना नाही, असे माझे ठाम मत आहे.

हिवाळी शिबिरांत मी कित्येक वर्षे मार्गदर्शक म्हणून जात होतो. पक्षी इतके असतात की मुलांची नजर एकावर टेकण्याआधीच दुसऱ्याकडे वळते, आणि रात्री जेवणाच्या पंगतीत एकच प्रश्न ऐकू येतो, "सर, आज किती झाले?" 70 झाले की 80 ची ओढ लागते. तुतारी (एक छोटा पाणपक्षी) चालताना शेपटीकडचा भाग सारखा का हलवते, असे विचारावे तर ज्या मुलाने सकाळी तुतारीच्या नावापुढे खूण केलेली असते, त्याला ती शेपूट हलवते हेच दिसलेले नसते. दोष मुलांचा नाही, त्यांच्यापुढे आम्हीच आकड्यांची शर्यत मांडलेली असते. अशाच एका शिबिरात स्वर्गीय नर्तक हा पक्षी दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज पुनःपुन्हा वाजवला गेला. तिथला नर, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून, फांदीफांदीवर सैरभैर फिरत राहिला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथे उभा होतो आणि मी ते थांबवले नाही, याची खंत मला आजही आहे. त्यानंतर मी अशा शिबिरांना जाणे सोडले.

यंदा आम्ही दिवसाचे वेळापत्रक घड्याळावर न बसवता सुकतीवर, म्हणजे ओहोटीवर, बसवले. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पाचव्या दिवसापर्यंत नाश्त्याची वेळसुद्धा सरकली होती. पाणी हटले की उघड्या पडलेल्या चिखलावर मोजके चिखल्या पक्षी उतरत. त्यांचे बाकीचे भाऊबंद विणीसाठी केव्हाच उत्तरेकडे गेलेले असताना हे इथे का, असे मुलांनी विचारले. किनाऱ्यावरच्या अनेक स्थलांतरित जातींमध्ये पहिल्या वर्षाची तरुण पाखरे विणीला तयार नसल्याने उन्हाळ्यात परत न जाता मुक्कामाच्या किनाऱ्यावरच राहतात, हे उत्तर ऐकून मुलांनी त्या चार-पाच पक्ष्यांकडे ज्या आपुलकीने पाहिले, तशी आपुलकी शेकड्यांच्या थव्याच्या वाट्याला मी कधी आलेली पाहिली नव्हती. हिवाळ्यात मातकट दिसणाऱ्या वंचक बगळ्याच्या पाठीवर विणीच्या दिवसांत गडद तांबूस रंग चढतो, हेही त्यांनी स्वतःच शोधले, कारण पाहायला वेळ होता.

शिबिराचे खरे काम मात्र एका टिटवीने केले. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधापलीकडे, उघड्या कोरड्या जमिनीवर, तिने चार अंडी घातली होती. जागा दाखवली ती गावातल्याच एका मुलाने. सुकतीला कालवे (शिंपल्यातले जीव) काढायला जाणाऱ्या आईबरोबर तो रोज त्या वाटेने जात असे, आणि टिटवी तिथे बसू लागल्यापासून त्या दोघांनी आपली वाटच बदलली होती. आम्ही बांधाच्या आड, भेंडीच्या झाडाच्या सावलीत, दुर्बिणी लावून बसायचे ठरवले. दोघादोघांनी एक-एक तास पाहायचे, जे दिसेल ते वेळ घालून वहीत लिहायचे आणि बांध ओलांडायचा नाही, एवढाच नियम होता.

पहिल्या दिवशीच्या नोंदी "बसली आहे", "अजून बसली आहे" अशाच होत्या. दुसऱ्या दिवशी नर-मादी आलटून पालटून बसतात, हे लक्षात आले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पंधरा वर्षांच्या एका मुलीने लिहिले, "पाण्याकडे गेली. पोट बुडवून उभी राहिली. परत येऊन बसली." मग दुसऱ्यांच्याही वहीत तेच येऊ लागले. टिटवी पोटाची पिसे भिजवून अंड्यांवर येऊन बसते आणि त्या ओलाव्याने अंडी निवतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, परंतु मी ते मुद्दाम सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तर त्या मुलीचा चेहरा तसा उजळलेला मला पाहायला मिळाला नसता. बांध का ओलांडायचा नाही, हेही त्या दिवसानंतर कोणाला समजावावे लागले नाही. आपण जवळ गेलो तर टिटवी उठणार, आणि त्या उन्हात उघडी पडलेली अंडी तापणार, हे त्यांना आता स्वतःच्या नोंदींवरून कळत होते. "टिटवी देखील समुद्र आटविते" ही म्हण लहानपणी पाठ केलेल्या त्या मुलांना टिटवी खरोखर काय करते ते प्रथमच दिसत होते.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली 1930 साली जर्मनीहून परतले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती आणि ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे त्यांनी सुगरणीची वीण नेटाने पाहिली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते आणि मग ते पुरे करून नर दुसरे विणायला घेतो, हा उलगडा त्या निरीक्षणांतून झाला आणि त्यावरचा त्यांचा लेख 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. याच किनाऱ्यावर, एका अगदी साध्या पक्ष्याकडे रोज पाहत राहून भारतीय पक्षिशास्त्रातले इतके मोलाचे काम झाले असताना आपण मुलांना याद्यांमागे का पळवावे, हे मला समजत नाही.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मोठ्या लेन्सचा कॅमेरा कृपया बरोबर देऊ नका, या वयाला साधी दुर्बीण आणि वही पुरते. कॅमेरा हातात आला की घरट्याजवळ जाण्याचा मोह आवरणे मोठ्यांनाही जमत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही शिकारीच्याच व्याख्येत येते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. दुसरे म्हणजे, शिबिराचे शुल्क भरू न शकणाऱ्या गावातल्या मुलांसाठी पुढच्या वर्षी निम्म्या जागा राखून ठेवणार आहोत. ज्या मुलाने टिटवी दाखवली तो शिबिरात नव्हता, बांधावर पाहुण्यासारखा येऊन बसत होता, ही आमची चूक झाली.

त्याच मुलाचा काल संध्याकाळी आईच्या फोनवरून निरोप आला. अंड्यांची जागा रिकामी आहे, टिटवी आता बांधाच्या अलीकडे ओरडते आणि तिच्या मागून तीन पिल्ले चालतात. चौथे त्याला दिसलेले नाही, आज सुकतीला पुन्हा जाऊन पाहतो म्हणाला आहे.